शेवटची टाटपट्टी

आमच्या पिढीतल्या कोणत्याही माणसाला झोपेतून उठवून बारा सक विचारा, डोळे उघडण्याआधी त्याच्या तोंडून बाहत्तर येईल. १९७० च्या आसपास बुलढाणा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत जे शिकले, मग ते घाटावरच्या मेहकर-लोणारकडचे असोत की घाटाखालच्या नांदुरा-मलकापूरकडचे, त्या सगळ्यांची शाळेतली संध्याकाळ सारखीच असायची. शाळा सुटायला अर्धा तास उरला की पहिली ते चौथी सगळी पोरं निंबाखाली ओळीनं बसायची. एकजण पुढे उभा राहून ओळ म्हणायचा आणि मागून सगळी शाळा तीच ओळ म्हणायची. दोनापासून तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. गुरं रानातून परतायची वेळ तीच. ज्याला पुस्तकातलं अक्षर ओळखू येत नव्हतं, त्यालाही पाढे येत होते. ते कानांनीच आत जायचे.

आज त्या वेळेला त्याच शाळेत गेलं तर पाढे ऐकू येत नाहीत. मुलं चार-चार, पाच-पाचच्या गटात फरशीवर बसलेली असतात. फरशीवरच ऑइलपेंटनं अक्षरांचे चौकोन, शंभरपर्यंतच्या अंकांची चौकट आणि घड्याळ रंगवलेलं असतं. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांचं नाव तेव्हा शिक्षकांच्या तोंडोतोंडी होतं. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून त्या शाळा बघायला गेले आणि परत येऊन कित्येकांनी पदरच्या पैशानं आपल्या वर्गांच्या फरशा रंगवल्या.

अशाच एका वर्गात दुसरीतली एक मुलगी तेवीसातून आठ वजा करताना मी पाहिली. तिच्यापुढे आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे दोन गठ्ठे होते आणि तीन काड्या सुट्या. तिनं आधी त्या तीन काड्या बाजूला सारल्या आणि थांबली. गठ्ठ्यांकडे थोडा वेळ बघत राहिली. मग एका गठ्ठ्याचं रबर दातांनी सोडवलं, दहाच्या दहा काड्या मांडीवर पसरल्या, त्यातल्या पाच उचलून आधीच्या तिनांशेजारी ठेवल्या आणि उरलेलं मोजलं. एक गठ्ठा आणि पाच. आम्ही वजाबाकीत शेजारच्या घरातून एक उसना घ्यायचो. तो एक आपल्या घरात आला की दहा कसा होतो, हे आमच्यातल्या कित्येकांना मॅट्रिकपर्यंत कळलं नव्हतं. त्या मुलीला ते सातव्या वर्षी कळलं, आणि कुणीही न सांगता कळलं.

एवढं बघूनही पाढ्यांचा तो आवाज गेला याचं वाईट वाटायचं राहत नाही. त्या आवाजात मागे पडलेल्यालाही जागा होती. एकट्याला उभं केलं तर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, तो सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून तीसपर्यंत जाऊन पोहोचायचा आणि घरी जाताना आपणही शाळेतलेच आहोत असं त्याला वाटायचं. पण त्याच आवाजात त्याची अडचणही बुडून जात होती, हे मान्य करायला हवं. सगळ्या शाळेच्या कोलाहलात एकाचे नुसते ओठ हलतायत हे कुणाच्या लक्षात येणार? पुष्कळांचे नुसतेच हलत होते.

आमच्या वर्गात बसायची जागा हाच निकाल असे. पहिल्या टाटपट्टीवर हुशार, मधल्यांवर बरे आणि शेवटच्या टाटपट्टीवर ढ. पहिलीच्या पावसाळ्यात जी जागा ठरली ती चौथीपर्यंत सहसा बदलायची नाही. शेवटच्या टाटपट्टीवरची मुलं माठ भरायची, गुरुजींचा चहा आणायची, निंबाच्या फोका तोडून आणायची आणि त्याच फोका त्यांच्या हातांवर बसायच्या. डाव्या हातानं लिहिणाऱ्याच्या बोटांवर बसायच्या. फळ्यावरचं दिसत नाही असं कुणी सांगितलं तर त्याला पुढे बसवण्याऐवजी ‘डोये फुटले काय रे तुये?’ असं विचारलं जायचं. त्याला चष्मा लागला असेल, हा विचार आमच्या गावात कुणाच्याच मनात येत नव्हता.

त्या टाटपट्टीवरचा एक मुलगा अजून डोळ्यांपुढे आहे. वाचायला उभा केला की ‘भ’ आणि ‘म’मध्ये त्याचा रोज घोटाळा व्हायचा. बोट ओळीवरून पुढे सरकायचं आणि शब्द मागेच राहायचे. दिवाळीनंतर तो आईबरोबर कापूस वेचायला जायचा. तिथं काट्यावर गाठोडं चढलं की किलोमागच्या मजुरीनं किती पैसे झाले हे तो उभ्या उभ्या सांगायचा, शेतमालकाचा हिशेब पुरा व्हायच्या आत. आणि दसऱ्याच्या पाटीपूजनाचा मान तर त्याचाच असायचा. आदल्या दिवशी आम्ही पाट्या कोळशानं घासून काळ्याभोर करायचो, धुऊन उन्हात वाळवायचो आणि त्यांवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायचो. आमच्या सरस्वत्या एका बाजूला कलायच्या. त्याच्या पाटीवर मात्र प्रत्येक एक सारख्या उंचीचा आणि सारख्या उताराचा असे. मधली रेघ फूटपट्टीनं ओढल्यासारखी. पहिल्या टाटपट्टीवरची मुलंसुद्धा आपली पाटी त्याच्यापुढे धरायची. झेंडू वाहिला जायचा, आपट्याची पानं वाटली जायची, आणि सुटीनंतर शाळा भरली की तो पुन्हा मागे. चौथीत दोनदा नापास झाल्यावर तो गुरं राखायला गेला.

आज तो मुलगा वर्गात असता तर त्याच्या शिक्षकांना निदान शंका तरी आली असती. २००७ च्या डिसेंबरात ‘तारे जमीन पर’ आला तेव्हा आमच्या वयाच्या कित्येक शिक्षकांनी घरी येऊन आपापल्या शेवटच्या टाटपट्टीवरची नावं आठवली. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती द्यायला महाराष्ट्रानं १९९६ सालीच सुरुवात केली होती: जादा वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर. पण त्यासाठीची तपासणी बराच काळ मुंबईतल्या मोजक्या रुग्णालयांत व्हायची. संग्रामपूरच्या शेतमजुरानं पोराला घेऊन तिथवर जायचं कसं? त्याला तर आपल्या पोराला काही झालंय हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले आणि ही अक्षमता त्यात आली. म्हणजे ज्या मुलानं पाटीवर तशी सरस्वती काढली, तो कायद्याच्या नजरेला पडायला जवळजवळ अर्धं शतक गेलं.

तो निदान चौथीपर्यंत आला तरी. जी आलीच नाहीत त्यांचं काय? आमच्या गल्लीत एक मुलगी होती, तिला ऐकू येत नव्हतं. आम्ही दप्तरं घेऊन निघालो की ती ओट्यावरून आमच्याकडे बघत बसायची. शिक्षक पट नोंदवायला घरोघर यायचे तेव्हा तिचं नाव कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पोलिओनं पाय गेलेला एक मुलगा मोठ्या भावाच्या पाठीवर बसून यायचा. भाऊ चौथी पास होऊन तालुक्याला गेला त्या दिवशी याची शाळा सुटली. गावाला त्यात अन्याय दिसला नाही. आम्हालाही दिसला नाही, आम्ही खेळायला गेलो.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्यानं शाळेत मुलाला मारायला बंदी घातली आणि २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं त्यात स्पष्टपणे आली. आज तशी मुलगी घरी बसलेली असेल तर तिला शोधून काढणं हे शाळेचं काम आहे. गट साधन केंद्रातून विशेष शिक्षक शाळाशाळांत फिरतात, श्रवणयंत्रं मिळतात, आरोग्य तपासणीचं पथक येऊन मुलांचे डोळे आणि कान तपासतं. ज्याला अंथरुणावरून उठताच येत नाही त्याच्या घरी जाऊन शिकवायची तरतूद आहे. शेगावला गजानन महाराज संस्थानाचं मतिमंद मुलांसाठीचं विद्यालय आहे. पूर्वी अशी मुलं घराच्या आतल्या खोलीत वाढायची आणि तिथंच संपायची. शाळेच्या पायऱ्यांशेजारचा सिमेंटचा उतार बघितला की मला तो पाठीवरचा मुलगा आठवतो. जुन्या शाळेचं कौतुक करताना आमच्या पिढीनं या उतारावरून एकदा चालून यावं.

मग आम्ही नेमकं कशासाठी हळहळतो?

आमची शाळा दोनशिक्षकी होती. एका गुरुजींकडे पहिली आणि तिसरी, दुसऱ्यांकडे दुसरी आणि चौथी, आणि दोन वर्गांच्या मध्ये भिंत नव्हती. गुरुजी तिसरीला गणितं घालायचे आणि पहिलीकडे वळायचे. तिसरीतली मोठी मुलं पहिलीतल्यांची बोटं धरून अक्षरं गिरवून घ्यायची. त्या तिसरीत एखाद्याला वाचता येत नसेल तर आमचे गुरुजी त्याला सगळ्यांदेखत म्हणायचे, “जाय रे बापू, पैलीतल्या पोरायले अक्षरं शिकव.” तो ऐटीत उठायचा, धाकट्यांमध्ये मांडी ठोकून बसायचा आणि शिकवता शिकवता पहिलीचं पुस्तक स्वतःच शिकून घ्यायचा. हजेरीत त्याचं नाव तिसरीतच होतं. तो मागे गेलाय हे त्याला स्वतःलाही कळत नव्हतं. त्याला वाटायचं गुरुजींनी आपल्याला काम दिलंय. यासाठी ना आदेश आला होता ना प्रशिक्षण झालं होतं.

मोठ्या मुलानं धाकट्याला शिकवण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच. मलबारी मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना बघून अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यानं ती पद्धत मद्रासच्या अनाथाश्रमातल्या शाळेत आणली, मुलांकडूनच मुलांना शिकवलं आणि १७९७ साली त्यावर लंडनमध्ये पुस्तक काढलं. इंग्लंडमधल्या हजारो गरीब मुलांच्या शाळा मग त्या धर्तीवर चालल्या. आमच्या गुरुजींना यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्यापुढे दोन वर्ग होते आणि हात दोनच होते.

आज त्याच गोष्टीला स्तरानुसार गट म्हणतात आणि ती जास्त नेटकी होते. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे वाचनाचे स्तर आहेत. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेनं ही पट्टी देशभर नेली. २००५ पासून ‘असर’च्या पाहण्यांमधून गावोगावच्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येतो का हे तपासलं गेलं, तेव्हा पाचवीतल्याही पुष्कळ मुलांना तो येत नाही हे उघड झालं. आमच्या वेळी ते उघड होत नव्हतं, कारण कुणी मोजतच नव्हतं. मोजल्यामुळे मुलं सापडली, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण मोजलेलं भिंतीवर लागतं. तक्त्यावर प्रत्येक स्तराखाली नावं असतात, आणि शब्द वाचता न येणाऱ्या मुलालाही स्वतःचं नाव मात्र वाचता येतं. ते नाव कुठल्या रकान्यात आहे हे तो पहिल्याच दिवशी शोधतो. आमच्या गुरुजींनी जी गोष्ट झाकून केली, ती आता उघड्यावर आली आहे. ती झाकली जायची त्यात माया होती. ते ज्ञान गुरुजींच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबरच गेलं, हा त्याचा तोटाही खरा. शेजारच्या गावातल्या गुरुजींच्या हातात तेव्हा फक्त फोक होती.

आमचे गुरुजी गावात राहायचे. मारुतीच्या देवळामागे दोन खोल्या होत्या. स्कॉलरशिपला बसलेली मुलं रात्री जेवून, अंगावर गोधडी घेऊन तिथं जायची आणि कंदिलाच्या उजेडात गणितं करून तिथंच झोपायची. कुणाच्या घरी बाप पितो, कुणाची आई बाळंतीण आहे, कोण दोन दिवस नुसत्या चटणी-भाकरीवर आहे, हे गुरुजींना ठाऊक असे. आता शिक्षक चिखलीहून, बुलढाण्याहून, खामगावहून अपडाऊन करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचीही मुलं शिकतात, त्यांनाही घर आहे, आणि गावात भाड्यानं धड खोली मिळत नाही. शिवाय शाळेत असतात तेवढा वेळ तरी त्यांचा कुठे असतो? मतदार यादीचं काम, पोषण आहाराची नोंद, आधार जुळवणी, आजच्या उपक्रमाचा फोटो, तातडीची लिंक. विशेष गरजा असलेल्या एका मुलाची माहिती भरायला जेवढा वेळ जातो, तेवढा वेळ रोज त्या मुलाशेजारी बसायला मिळाला तर काय होईल, हे मला एका तरुण शिक्षिकेनं विचारलं होतं. ती तक्रार करत नव्हती, तिला खरंच बसायचं होतं.

जुनं दाखल-खारीज रजिस्टर कधी हाताळायला मिळालं तर शेवटचा रकाना बघावा. शाळा सोडल्याचं कारण. वळणदार शाईच्या अक्षरात एकाखाली एक तेच लिहिलेलं: सतत गैरहजर, सतत गैरहजर, सतत गैरहजर. गैरहजर का, हे विचारणारा रकानाच नव्हता. त्यातली निम्मी मुलं गुरांमागे होती. त्याच काळात डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुराखी मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच गुरं चरतात तिथं न्यायची, हे त्यांना सुचलं. आमच्या गावात ते कुणाला सुचलं नाही. रजिस्टरात नाव कमी झालं आणि कुरणात एक गुराखी वाढला.

गुराखी आता थोडे राहिले, पण जिल्ह्यातली कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलांना सोबत नेतात. त्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं चालतात. मुलं आजीपाशी राहतात आणि दोन वेळचं जेवण त्यांना तिथं मिळतं. जी जातातच त्यांच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे पोहोचतील तिथल्या शाळेत त्यांना बसता येतं. बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक ट्रॅक्टरची ट्रॉली निघायच्या आधी पहाटे जाऊन आई-बापाला समजावतात. आमच्या वेळी ट्रॉली निघायची आणि कुणी जायचं नाही. हे पाहिलं की जुन्या दिवसांचा माझा ओढा ढिला पडतो, आणि पडावा असंच मला वाटतं.

राहता राहिला बोलीचा प्रश्न, तो मात्र तेव्हाही तसाच होता आणि आजही फारसा सुटलेला नाही. घरी आम्ही ‘मले, तुले’ म्हणायचो आणि पुस्तक ‘मला, तुला’ म्हणायचं. गुरुजींच्या तोंडी तास सुरू होण्याआधी वऱ्हाडी आणि तास सुरू झाला की पुस्तकी भाषा. ही उडी आम्ही पेलली, कारण अंतर थोडं होतं. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, भिलाला, बारेला, कोरकू आणि निहाल मुलांना ही उडी खूप लांबची पडते. निहालांची निहाली तर जगातल्या कोणत्याच भाषाकुळात बसत नाही. कोरकूतून आणि मराठी-हिंदीतून तिनं पुष्कळ शब्द घेतलेत, पण तिचा गाभा कुठून आला हे भाषाशास्त्रज्ञांना अजून उलगडलेलं नाही. ती बोलणारी माणसं उरली आहेत दोन-अडीच हजारांच्या घरात. त्यांतली कितीतरी आपल्याच जिल्ह्यात आहेत.

आमच्या काळी त्या वाड्यांवर शाळा होती-नव्हती, आणि असली तरी मूल गप्प बसलं की त्याच्या नावापुढे ढ लिहून गुरुजी मोकळे होत. आज तिथला शिक्षक जरा थांबतो. तो मुलांना पानाला, पाण्याला, वाघाला घरी काय म्हणतात हे विचारतो, कार्डावर त्याचं चित्र काढून घेतो, खाली त्यांचा शब्द देवनागरीत लिहितो आणि शेजारी मराठी. मग पोरांचे आवाज फुटतात. अशी कार्डं करणारे शिक्षक आहेत. त्यांनी ती रात्री घरी बसून, पुठ्ठे कापून केलेली असतात. पण बदल्यांची यादी लागते तेव्हा निहाली किंवा भिलाली चार शब्द येणाऱ्या माणसाला तिथंच ठेवा असं सांगणारा रकाना त्या यादीत नसतो. नवा शिक्षक येतो, पुठ्ठ्याचा खोका उघडतो, आणि त्यातले डाव्या बाजूचे शब्द कसे म्हणायचे हे त्याला सांगणारी माणसं त्या वर्गात एकच असतात, ती म्हणजे पहिलीतली पोरं.